फ्लिक-आँ-फ्लाक ते फ्लिकफ्लाक

वाचकहो, आपल्या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे फ्लिक-आँ-फ्लाक हे गाव कोणाला ठाऊक नाही? रविवारी भाताचे डबे, लोणच्याची बरणी आणि पोरेबाळे गाडीत घालून आपण सर्वजण तेथे समुद्रावर जातो. मोठी माणसे फिलावच्या झाडांखाली चटया टाकून बसतात आणि मुले वाळूत कोलांट्या मारतात. गावाचे हे नाव जुन्या डच शब्दांवरून पडले, त्याचा अर्थ 'मोकळी सपाट जमीन' असा होता, असे जाणकार सांगतात.

पण आज आम्ही लिहिणार आहोत ते या गावाविषयी नव्हे. डच लोकांच्या देशात कोणत्याही शाळकरी मुलीला 'फ्लिकफ्लाक' म्हणजे काय असे विचारा. ती समुद्राचे नाव घेणार नाही. ती दोन्ही हात वर करून दाखवील. उभ्या जागेवरून मागच्या मागे उडी घ्यायची, दोन्ही तळवे जमिनीला लावायचे, पाय डोक्यावरून आणायचे आणि पुन्हा उभे राहायचे, ही ती फ्लिकफ्लाक. जिम्नॅस्टिक्समध्ये ज्या मुलीला ती साधली तिचा वर्गात मान वाढतो. जिला साधत नाही ती रात्री अंथरुणात पडून तिचाच विचार करते. आमच्या भाचीने आम्हाला हे शिकविले.

गेल्या डिसेंबरात शाळेची मोठी सुट्टी लागली तेव्हा आम्ही उभयता महिनाभर हेग शहरी आमच्या धाकट्या बहिणीकडे राहिलो. ती तेथे परिचारिका आहे. देशाचे खरे नाव नेदरलँड्स. हॉलंड हे त्यातील दोन प्रांतांचे नाव. पण आपले वडीलधारे हॉलंडच म्हणत आले, म्हणून आम्हीही मधूनमधून तसेच लिहू. या देशाशी आपल्या बेटाचे नाते जुने आहे. १५९८ साली डच खलाशी आपल्या आग्नेय किनाऱ्याला लागले आणि त्यांनी बेटाला आपल्या राजपुत्राचे, मॉरिस याचे, नाव दिले. १६३८ साली त्यांनी येथे वस्ती केली, पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणून लावला आणि १७१० साली कंटाळून सर्व टाकून निघून गेले. ज्या उसापायी आपल्या पणजोबांना मुंबई बंदरात जहाजावर चढावे लागले, त्याचे पहिले कांडे या लोकांनी लावले होते. हेगमध्ये माउरित्सहाउस नावाचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे. 'आमच्या मॉरिसचे घर' म्हणून आम्ही मोठ्या ऐटीत त्याच्यासमोर फोटो काढून घेतला. भाचीने हसून सांगितले, "मामा, तो दुसरा मॉरिस." आणि ती बरोबर होती. ते घर ब्राझीलमध्ये कारभार केलेल्या योहान मॉरिस याचे. शिक्षकाची अशी फजिती घरातल्या घरात झालेली बरी.

ही आमची भाची अकरा वर्षांची. घरात आईशी क्रेओल बोलते, बाहेर डच बोलते, आणि मराठीचे तिला 'आई', 'मामा', 'मोदक', 'बस' एवढेच शब्द येतात. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती कसरतीच्या शाळेत जाते.

तेथील पद्धत आपल्याला नवी वाटेल. हा क्लास कोणा धंदेवाईकाचा नसतो. गावोगावी सभासदांच्या संस्था असतात, आपल्या मराठी मंडळ्यांसारख्याच. वर्गणी भरायची, वार्षिक सभेला बसायचे, चिटणीस आणि खजिनदार निवडायचे. या संस्थांचा राष्ट्रीय संघ १८६८ सालचा आहे, आणि १८८१ साली बेल्जियम, फ्रान्स व नेदरलँड्स या तिघांनी मिळून जी संघटना काढली तीच आज जगभरच्या जिम्नॅस्टिक्सचा कारभार पाहते. शिकविणारे पुष्कळसे स्वयंसेवक असतात. दिवसा बँकेत किंवा इस्पितळात नोकरी करायची आणि संध्याकाळी मुलांच्या पाठीला हात लावायचा.

डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारला दिवे लावावे लागतात. बाहेर पाऊस, दाराशी सायकलींची दाटी, आणि आत लाकडी फळ्यांची, उंच छपराची शाळा. भिंतीवर शिडीसारख्या दांड्या. मुले अनवाणी. पालकांना आत जाता येत नाही. काचेमागे बाके मांडली आहेत तेथे बसून कॉफी प्यायची आणि पाहायचे. पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, ही माणसे तासभर काहीच का करीत नाहीत? उडी कोठे आहे? एक शिक्षिका वीस मुलींना भिंतीशी हातांवर उभे करीत होती, पोट भिंतीकडे, खांदे ताठ, पोट आत, मोजा तीसपर्यंत. मग जमिनीवर उताणे पडून कमान, म्हणजे आपले चक्रासन. पण खांदे थेट हातांच्या वर आले पाहिजेत, नुसती कंबर मोडून चालत नाही. मग पुन्हा हातांवर. तास संपला आणि एकाही मुलीने फ्लिकफ्लाक मारली नाही.

आम्ही मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिक्षक-प्रशिक्षण घेतले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिले होते : सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आम्ही ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर वीस वर्षांत पुष्कळदा विसरलो. या कसरतशाळेत ते सूत्र आम्हाला मुलांच्या अंगावर लिहिलेले दिसले. प्रथम कोलांटी. तिला डच भाषेत 'कोपरोल' म्हणतात, म्हणजे डोक्याची गुंडाळी. मग हातांवर उभे राहणे. मग 'राडस्लाख', म्हणजे बाजूला हात टेकून गाडीच्या चाकासारखे फिरणे. मग तेच चाक, पण धावत येऊन आणि शेवटी दोन्ही पाय एकत्र आणून, अशा रीतीने की पुढे धावणारी मुलगी मागे तोंड करून उतरेल. याला ते 'अराबीर' म्हणतात. पुढच्या धावेचा जोर मागच्या उडीत वळविण्याची ही किल्ली आहे. तिच्यानंतर फ्लिकफ्लाक आणि फ्लिकफ्लाकनंतर हात न टेकता हवेत घेतलेली कोलांटी. मोठ्या स्पर्धांत पाहिले तर १२ मीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा स्प्रिंगच्या जमिनीवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हीच साखळी असते : धाव, अराबीर, फ्लिकफ्लाक, आणि मग दोन-दोन गिरक्या नि कोलांट्या. टंबलिंग नावाचा स्वतंत्र प्रकारही आहे. त्यात पंचवीस मीटरच्या अरुंद पट्टीवर ओळीने आठ उड्या घ्याव्या लागतात. पण कितीही मोठी खेळाडू असो, तिची साखळी या फ्लिकफ्लाकच्या कडीवाचून ओवली जात नाही.

आता ही उडी कशी घेतात ते सांगतो, कारण आम्ही चार आठवडे काचेमागे बसून तेच पाहिले. पाहणाऱ्याला वाटते, मुलगी वर उडते. तसे नव्हे. ती मागे बसते, जणू पाठीमागे खुर्ची आहे आणि कोणीतरी ती काढून घेतली आहे. गुडघे पायाच्या बोटांच्या पुढे जाता कामा नयेत. शरीराचे वजन टाचांच्या मागे गेले की माणूस पडणारच. त्या पडण्याच्या क्षणी ती पाय झटकून सरळ करते आणि हात कानांजवळून वर, मागे फेकते. डोके हातांच्या मध्येच राहते. जी मुलगी घाईने डोके आधी मागे टाकते तिची उडी आखूड होते आणि ती डोक्याजवळ कोसळते. तळवे जमिनीला लागले की क्षणभर ती हातांवर उभी असते, म्हणजे भिंतीशी तीसपर्यंत मोजले ते येथे कामास आले, आणि मग खांद्यांनी जमीन ढकलून पाय खाली आणते. सारा प्रकार डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो.

शिक्षिकेने एक गोष्ट आम्हाला सांगितली ती आम्ही रात्री वहीत टिपून ठेवली. वजन टाचांमागे गेले की परत येता येत नाही. जी मुलगी उडी घेते ती सहसा पडत नाही. जी पडते ती अर्ध्यावर विचार बदललेली मुलगी असते. म्हणून 'नाही' म्हणायचे असेल तर ते उभे असतानाच म्हणता आले पाहिजे, आणि ते म्हटल्याबद्दल कोणी रागावता कामा नये.

आमची भाची नेमकी अर्ध्यावर पडली होती.

हे त्या संस्थेत घडले नाही. आधी ती दुसऱ्या एका क्लबात जात असे. तेथे दोन वर्षांत ती भराभर पुढे गेली, नऊ वर्षांची असताना तिला उतरत्या गादीवर फ्लिकफ्लाक येऊ लागली. एका संध्याकाळी प्रशिक्षकाने तिला सपाट जमिनीवर उभे केले. पाठीखाली हात ठेवतो म्हणाला आणि ऐन वेळी, तिला न सांगता, हात काढून घेतला. अशाने मूल धीट होते अशी त्याची समजूत होती. तिला हात नसल्याचे कळले ते हवेत. ती आवरली, कोपरावर पडली. हाड मोडले नाही, पण सहा आठवडे हात झोळीत होता. परत गेली तेव्हा तिला मागे बसताच येईना. मागे खुर्ची नाही हे तिच्या शरीराला आता ठाऊक झाले होते. प्रशिक्षक सर्वांसमोर म्हणाला, ही भित्री आहे. दर वेळी तिला रांगेच्या शेवटी उभे करू लागला.

आणि येथे आम्हाला आमची स्वतःची गोष्ट लिहिणे भाग आहे. त्या दिवसांत बहिणीने फोनवर विचारले, "दादा, तू शिक्षक आहेस. काय करू?" आम्ही फोन मुलीला द्यायला सांगितला आणि मोठ्या आवाजात म्हणालो, "भिऊ नकोस. मराठ्याची मुलगी ना तू? उद्या जा आणि करून दाखव." आम्हाला वाटले, आपण धीर दिला. पुढच्या आठवड्यात तिने जाणेच बंद केले, आणि फोनवर आमच्याशी बोलणेही. बहिणीने ते आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितले.

वाचकांपैकी जे आमच्या पिढीचे आहेत त्यांना बैठकेतील संध्याकाळ आठवत असेल. कंदिलाचा नव्हे, पण अंधुक दिव्याचा उजेड, पाटी, बाराखडी, आणि चुकले की कान. आमचे गुरुजी दिवसभर शेतात राबून आम्हाला फुकट शिकवीत; त्यांच्याविषयी आम्ही अनादराचा शब्द लिहिणार नाही. परंतु मारलेल्या कानाने किती मुले मराठीपासून दूर गेली याचाही हिशेब कोणी ठेवला नाही. आम्ही स्वतः वर्गात मुलाला उभे करून वाचायला लावले आहे, त्याला येत नाही हे ठाऊक असताना. त्यालाही आम्ही धीर म्हणत होतो.

हॉलंडमध्ये हा प्रश्न एका मुलीचा राहिलेला नाही. जुलै २०२० मध्ये तेथील एका नामांकित प्रशिक्षकाने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन कबूल केले की पदकांसाठी त्याने लहान मुलींचा शारीरिक आणि मानसिक छळ केला. मग जुन्या खेळाडू बायका एकेक करून बोलू लागल्या. वजनावरून टोमणे, दुखापत असताना सराव, रडले तर शिक्षा. राष्ट्रीय संघाने मुलींचे वरच्या दर्जाचे प्रशिक्षण काही काळ थांबविले आणि चौकशी नेमली. २०२१ साली अहवाल आला, त्याला 'असमान दांड्या' अशा अर्थाचे नाव दिले होते. मुलींच्या एका प्रकारात एक दांडी उंच आणि एक खाली असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला त्या नावातील टोचणी समजेल. एकीकडे प्रौढ प्रशिक्षक, दुसरीकडे आठ वर्षांचे मूल. अमेरिकेत तर याहून भयंकर प्रकार उघडकीस आले. तेथील संघाच्या डॉक्टरला २०१८ साली जन्मभर पुरेल इतकी शिक्षा झाली. इंग्लंडचा अहवाल २०२२ सालचा.

आता तेथील संस्थांत मुलांना शिकविणाऱ्याकडे सरकारी वर्तनाचा दाखला मागतात, आणि मुलाला काही सांगायचे असेल तर ते कोणाजवळ सांगायचे त्या व्यक्तीचे नाव फळ्यावर लावतात. भाचीच्या नव्या शाळेत ते नाव दाराशीच होते, मुलांच्या उंचीवर. आमच्या शाळेत सूचना मोठ्या माणसांच्या उंचीवर लावतात, ही गोष्ट आम्हाला तेथे उभे असताना प्रथम सुचली.

एका शनिवारी आम्ही सर्वजण आगगाडीने ॲम्स्टरडॅमला गेलो. लोक तेथे कालवे पाहतात. आम्हाला ऑलिंपिकचे जुने मैदान पाहायचे होते. १९२८ सालचे ते विटांचे मैदान अजून उभे आहे, आणि त्याचा मनोराही, ज्याच्यावर ऑलिंपिकची ज्योत प्रथमच पेटविली गेली. भारताने हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले ते याच मैदानावर, २६ मे १९२८ रोजी, यजमान हॉलंडला ३-० हरवून. ध्यानचंदांचे नाव त्या स्पर्धेत जगाला कळले. आम्ही भाचीला ते अभिमानाने सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "आणि मुलींचे ठाऊक आहे?"

आम्हाला ठाऊक नव्हते. तिच्या शिक्षिकेने वर्गात सांगितले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच मैदानावर, उघड्या आकाशाखाली, ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा स्त्रियांची जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा झाली. एकटीला पदक नव्हते, सांघिक होते. बारा डच मुलींच्या संघाने ते सुवर्णपदक जिंकले. इटली दुसरी आणि ब्रिटन तिसरे. डच स्त्रियांचे ऑलिंपिक सांघिक जिम्नॅस्टिक्सचे सुवर्णपदक आजवर ते एवढेच. त्या बारांपैकी पाच जणी ज्यू होत्या : एस्टेला आगस्टेरिबे, हेलेना नॉर्डहाइम, आना पोलाक, युडिके सिमन्स आणि एल्का दे लेव्ही. त्यांचे प्रशिक्षक गेरिट क्लेरेकोपर हेही ज्यू.

पंधरा वर्षांनी, १९४३ साली, नाझींनी त्यांना पोलंडमधील छळछावण्यांत नेले. युडिके सिमन्स आपल्या पतीसह उत्रेख्त येथे अनाथाश्रम चालवीत होती; ती, पती आणि त्यांची पाच व तीन वर्षांची मुले मार्चमध्ये सोबिबोर येथे मारली गेली. २ जुलै रोजी तेथेच क्लेरेकोपर, त्यांची पत्नी आणि मुलगी. त्याच दिवशी हेलेना नॉर्डहाइम, पती आणि दहा वर्षांची मुलगी. त्याच महिन्यात आना पोलाक आणि तिची सहा वर्षांची मुलगी. सप्टेंबरमध्ये आउश्वित्झ येथे एस्टेला आगस्टेरिबे, पती आणि दोन मुले. पाचांतून एकटी एल्का दे लेव्ही वाचली. ती १९७९ साली ॲम्स्टरडॅममध्ये वारली.

मैदानाच्या पायऱ्यांवर वारा फार होता. सौभाग्यवतीने भाचीच्या डोक्याला आपली शाल गुंडाळली. कोणी काही बोलले नाही. परतीच्या गाडीत मुलीने एवढेच विचारले, "त्या दहा वर्षांच्या मुलीला आईने फ्लिकफ्लाक शिकविली असेल का?"

याला उत्तर आम्ही दिले नाही. पण त्यावरून एक आठवण निघाली ती सांगितली. १९३६ साली बर्लिनला, त्याच नाझींच्या राजधानीत, ऑलिंपिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक गेले होते. या मराठी मुलखातील तरुणांनी तेथे भारतीय खेळ आणि व्यायाम करून दाखविले. आणि आपला मल्लखांब! लाकडाच्या उभ्या खांबावर, किंवा टांगलेल्या दोरावर, हातापायांच्या पकडीने चढायचे, उलटे व्हायचे, अंग सोडायचे आणि पुन्हा पकडायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या नावारूपाला आणली असे सांगतात. भाचीने फोनवर त्याची चित्रे पाहिली, आणि मुंबईच्या शिवाजी पार्कातील मुली दोरावर चढताना पाहून गाडीतच उभी राहिली. मल्लखांबाचे जुने उस्ताद मुलाला प्रथम नुसता खांब धरायला लावतात. सलामी, साधी पकड, मग साधी उडी. पायरी चुकवून वर जाता येत नाही हे येथेही आहेच. फरक एवढा की आमच्या बेटावर आम्ही गणपतीत झाकरी नाचतो, भजने म्हणतो, पण मल्लखांबाचा खांब पणजोबांच्या गाठोड्यात मावला नाही.

या देशात नावाजलेले खेळाडू कमी नाहीत, आणि दोघांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. एप्के झोंडरलांड हा फ्रीसलंडचा. २०१२ साली लंडनला आडव्या दांडीवर त्याने हात सोडून घ्यायच्या तीन उड्या एकीला एक जोडून घेतल्या आणि सुवर्णपदक मिळविले. हे करीत असताना तो वैद्यकीय शिक्षण घेत होता आणि पुढे डॉक्टर झाला. आपल्याकडे मूल दहावीला आले की खेळ बंद करणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे. (हे वाक्य बहिणीने वाचले तेव्हा तिने आमच्याकडे रोखून पाहिले, कारण तिचा नेटबॉल आमच्या बाबांनी असाच बंद केला होता, आणि आम्ही तेव्हा बाबांच्या बाजूने बोललो होतो.)

दुसरी सान्ने वेव्हर्स. २०१६ साली रिओला तिने तोलपट्टीवर सुवर्णपदक जिंकले. ती पट्टी १० सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच. इतर मुली तिच्यावर फ्लिकफ्लाकांची माळ लावतात. सान्नेने आपल्या कामगिरीचा भर पायाच्या बोटांवरच्या गिरक्यांवर ठेवला, कारण नियमांत त्या गिरक्यांनाही गुण होते आणि त्या तिला इतरांपेक्षा चांगल्या येत होत्या. उतरल्यावर वही काढून तिने स्वतःच गुणांची बेरीज केली. सिमोन बाइल्स तिसरी आली. त्याच स्पर्धेत, आदल्या दिवशी, त्रिपुराची आपली दीपा कर्माकर उडीच्या घोड्यावर जगातली अतिशय धोक्याची उडी घेऊन ०.१५० गुणांनी कांस्यपदकाला मुकली आणि चौथी आली. आणि सिमोन बाइल्स, जिच्याइतके कोणी जिंकले नाही, तीसुद्धा २०२१ साली टोकियोला सांघिक अंतिम फेरीतून मध्येच बाहेर पडली. हवेत आपण कोठे आहोत हे तिच्या शरीराला कळेनासे झाले होते. आठवड्याने ती परतली, गिरकी नसलेली सोपी उतरण घेतली, आणि तिसरी आली. आम्ही भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, मामा. आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे." पण सांगितल्याचे तिला बरे वाटले असावे.

नव्या शिक्षिकेने तिच्याशी काय केले ते आता लिहितो. पहिले तीन महिने फ्लिकफ्लाक हा शब्दच काढला नाही. पुन्हा कोपरोल, पुन्हा भिंत, पुन्हा कमान. मुलीला कमीपणा वाटला, रडली, पण इतर मोठ्या मुलीही तेच करीत होत्या म्हणून राहिली. मग पाठीमागे मऊ, जाड गादी उंच रचून नुसते मागे बसायचे आणि पडायचे. पडणे हाच धडा. मग पिंपासारख्या गोल गादीवर पाठ टेकून हातांवर जायचे. पिंप आपोआप फिरते आणि मूल उलटे होते. मग उताराची गादी. मग दोघींचे हात, एक कंबरेखाली, एक मांडीमागे. प्रत्येक वेळी शिक्षिका विचारायची, "दोन हात, एक हात, की बोटे?" आणि मुलगी सांगेल तेच. न सांगता हात काढायचा नाही, आणि न सांगता लावायचाही नाही.

यात खर्च वेळेचा आहे. कोणाला सहा महिने लागतात, कोणाला दोन वर्षे. वाढत्या वयात मनगटाची हाडे कोवळी असतात, आणि कंबर वारंवार मागे मोडल्याने पाठीच्या मणक्याला बारीक चीर जाऊ शकते. म्हणून उड्या मोजून घेतात आणि दुखले की थांबवितात. आपल्याकडे मुले फोनवर पाहून फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूवर हे प्रकार करू लागली आहेत, ते आम्ही गेल्याच महिन्यात पाहिले. वाळू मऊ दिसते पण ओली वाळू दगडासारखी असते, आणि कोरडीत हात रुततो व मनगट मुरगळते. कोलांटी मारू द्या, चाक फिरवू द्या. मागची उडी मात्र शिकविणारा असल्यावाचून नको. आणि शिकविणारा मिळाला तर काचेमागे थोडा वेळ जरूर बसा. जेथे पालकांना पाहूच देत नाहीत तेथे आम्ही आमचे मूल घालणार नाही.

आमच्या मुक्कामाचा शेवटचा मंगळवार. आम्ही उभयता आणि बहीण बाकावर बसलो होतो. काचेपलीकडे भाची उताराच्या गादीच्या टोकाशी उभी राहिली, हात वर केले. शिक्षिकेने विचारले असावे, कारण मुलीने दोन बोटे दाखविली. दोन बोटे पाठीला लागली. ती मागे बसली, आणि उठली. मान हलविली. शिक्षिका हसली, बोटे काढली, पुढच्या मुलीकडे गेली. भाची रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, स्वतःहून. आमच्या तोंडी 'अगं, एकदा तरी' हे शब्द आले होते. ते गिळले. बहिणीने आमच्याकडे पाहिले आणि कॉफीचा पेला आमच्या हातात दिला.

तिची पाळी पुन्हा आली. पुन्हा दोन बोटे. या वेळी ती गेली. हात, क्षणभर उभी उलटी देहयष्टी, पाय, आणि ती उताराच्या तळाशी उभी. शिक्षिकेने टाळी वाजविली नाही, फक्त काहीतरी विचारले. मुलीने पुन्हा दोन बोटे दाखविली.

सायकलवरून घरी येताना पाऊस थांबला होता. ती पुढे, आम्ही मागे धापा टाकीत. घरी जेवण झाल्यावर तिने बैठकीतील गालिचा मोकळा केला आणि आम्हाला फर्मान सोडले की मामांनी कोपरोल करून दाखवावी. आम्ही पंचेचाळीस वर्षांचे, रक्तदाबाचे औषध घेणारे. मामीने डोक्याला हात लावला. आम्ही गुडघ्यांवर बसलो, हनुवटी छातीला लावली, जशी ती सांगत होती तशी, आणि मग उगाच भीती वाटली. तिने विचारले, "दोन हात, एक हात, की बोटे?"

आम्ही म्हणालो, दोन हात.